स्लो कुकरमध्ये ख्रिसमस पुडिंग: दहा तासांची वाफ कशासाठी?

पुडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थुलथुलीत कॅरॅमल पुडिंग येतं. त्यामुळे इंग्लंडमधलं ख्रिसमस पुडिंग पहिल्यांदा समोर आलं की गोंधळायला होतं. ते काळंभोर असतं, घुमटासारखं दिसतं आणि उचलायला जड असतं. वजनाचा साधारण तिसरा हिस्सा नुसत्या बेदाणे-मनुकांचा. बाकी ब्रेडचा चुरा, काळपट साखर, चरबी, अंडी, मसाले आणि रम किंवा ब्रँडी. हे सगळं ओव्हनमध्ये भाजत नाहीत, वाफवतात. तेही सहा ते आठ तास.

मी इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला आले त्या पहिल्याच नोव्हेंबरात शेजारच्या आजींनी त्यांच्याकडचं जास्तीचं पुडिंगचं भांडं मला दिलं आणि कृती तोंडी सांगितली. आठ तास ऐकून मी पुन्हा विचारलं. आपले उकडीचे मोदक दहा-पंधरा मिनिटांत होतात, मोदकपात्राचं पाणी बदलायचीही वेळ येत नाही. मग या एका गोळ्याला अख्खा दिवस का लागावा? हे कोडं सुटलं तेव्हाच मला स्लो कुकर, म्हणजे मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, या कामाला इतका का जमतो तेही कळलं. म्हणून आधी कारण, मग कृती.

पहिलं कारण जाडीचं. मोदकाची पारी दोन-तीन मिलिमीटरची असते, वाफ लागली की लगेच शिजते. पुडिंगच्या भांड्यात कडेपासून मध्यापर्यंत सहा-सात सेंटिमीटर अंतर असतं आणि मधला ऐवज घट्ट असतो. पाण्यासारखा तो आत फिरत नाही. म्हणजे उष्णता एका थराकडून दुसऱ्या थराकडे हळूहळू सरकते, दुसरा मार्गच नाही. अशा वस्तूची जाडी दुप्पट झाली की आतवर तापायला वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. म्हणूनच त्याच मिश्रणाची वाटीएवढी छोटी पुडिंगं केली तर तास-दीड तासात होतात आणि सव्वा लिटरच्या भांड्याला दिवस जातो.

पण एवढ्यानं आठ तासांचा हिशोब लागत नाही. चार तासांनी मध्यापर्यंत उष्णता पोचलेली असते, अंडी आणि पीठ घट्ट झालेलं असतं, काडी खुपसली तर जवळजवळ स्वच्छ निघते. तरी तेव्हा कापून बघितलं तर पुडिंग तांबूस दिसतं आणि चव सुटी सुटी लागते: साखर वेगळी, मसाला वेगळा, पीठ वेगळं. पुढचे तास रंगासाठी आणि चवीसाठी असतात.

इथे बासुंदी आठवा. दूध १०० अंशांच्या आसपासच उकळत असतं, त्याहून तापत नाही. तरी तासभर आटवलं की पांढऱ्या दुधाला बदामी रंग येतो आणि खमंगपणा येतो. दुधातली साखर आणि प्रथिनं यांची एकमेकांशी प्रक्रिया होते त्याचा तो परिणाम. शास्त्रात तिला मायार प्रक्रिया म्हणतात. तव्यावर दीडशे-दोनशे अंशांना ती मिनिटांत होते, पोळीवर डाग पडतात ते त्याचेच. १०० अंशांच्या खाली तिला तास लागतात. पुडिंगमध्ये अंड्यातली आणि ब्रेडमधली प्रथिनं आहेत, बेदाण्यांतली साखर आहे. दहा तास दिले की सबंध गोळा आतून-बाहेरून एकसारखा काळपट होतो. ओव्हनमध्ये हे होणार नाही, तिथे बाहेरून करपेल आणि आत रंग चढायचाच राहील. वाफेचं तापमान १०० अंशांवर अडलेलं असतं आणि झाकण बांधलेलं असल्यामुळे ओलावाही कुठे जात नाही. म्हणून वेळ कितीही वाढवला तरी पुडिंग करपत नाही की सुकत नाही.

तिसरी गोष्ट चरबीची. मूळ कृतीत सूएट घालतात, म्हणजे गाईच्या मूत्रपिंडाभोवतालची घट्ट चरबी, किसून. लोणी तोंडात ठेवताच विरघळतं, कारण ते ३२ ते ३५ अंशांना वितळतं. सूएटला ४५ ते ५० अंश लागतात. मिश्रण तापून बसायला लागेपर्यंत सूएटचे कण अख्खे राहतात आणि उशिरा वितळून जागा सोडतात. त्या बारीक पोकळ्यांमुळे एवढं भरगच्च पुडिंगही दगडासारखं होत नाही. जे गोमांस खात नाहीत त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये पाम तेलापासून केलेलं शाकाहारी सूएट कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं. मी तेच वापरते. तेही नसेल तर लोणी फ्रीजरमध्ये दगड होईपर्यंत गोठवून किसायचं आणि अगदी शेवटी घालायचं. पोत थोडा वेगळा येतो, पण चव चांगली लागते.

आता भांड्याची गोष्ट. पूर्वी पुडिंग पीठ लावलेल्या कापडात बांधून उकळत्या पाण्यात सोडायचे, म्हणून जुन्या चित्रांत ते तोफगोळ्यासारखं गोल दिसतं. पुढे चिनी मातीची भांडी आली आणि त्याला घुमटाचा आकार आला. प्लम पुडिंग असंही नाव आहे, पण आत प्लम नसतात. जुन्या इंग्रजीत प्लम हा शब्द बेदाण्यांनाही वापरत. मिश्रण कालवायचा दिवसही ठरलेला: ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या काळाच्या, आधीचा रविवार, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबरमध्ये जो रविवार पडेल तो. त्या दिवशीच्या चर्चमधल्या प्रार्थनेची सुरुवात 'ढवळून जागं कर' अशा अर्थाच्या शब्दांनी होते आणि लोकांनी त्याची सांगड पुडिंग ढवळण्याशी घातली. घरातल्या प्रत्येकानं एकदा ढवळायचं, पूर्वेकडून पश्चिमेकडे, मनात एक इच्छा धरून. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांची ती आठवण. हा भाग मला मनापासून आवडतो, कारण मिश्रण इतकं घट्ट असतं की एकट्यानं ढवळताना मनगट भरून येतं.

या पुडिंगात आपल्याकडचा मालही होता. १९२७ साली ब्रिटनच्या एम्पायर मार्केटिंग बोर्डानं राजा पाचव्या जॉर्जच्या स्वयंपाक्याकडून मिळालेली कृती छापली. साम्राज्यातला माल खपावा हा हेतू, म्हणून प्रत्येक जिनसापुढे देश लिहिलेला: बेदाणे ऑस्ट्रेलियाचे किंवा दक्षिण आफ्रिकेचे, लवंग झांजिबारची, रम जमैकाची किंवा ब्रिटिश गयानाची, दालचिनी भारताची किंवा सिलोनची. मी सांगलीची. मला या यादीत तासगावचे बेदाणे असायला हवे होते असं दरवर्षी वाटतं. आईनं पाठवलेले असले की माझ्या पुडिंगात ते असतातच, आणि इथल्या 'सुलताना' जातीच्या बेदाण्यांपेक्षा त्यांचा आंबटपणा या गोडापुढे जास्त उठून दिसतो.

पहिल्या वर्षी मी पुडिंग पातेल्यात केलं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात भांडं, वर झाकण, मंद आच. पातेल्याच्या झाकणाच्या फटीतून वाफ सुटत राहते, म्हणून दर पाऊण तासानं उकळतं पाणी घालावं लागतं. थंड घालून चालत नाही, उकळी मोडते. पाचव्या तासाला मी दुसऱ्या खोलीत आईशी फोनवर बोलत बसले आणि पाणी संपलं. वास आला तेव्हा पातेल्याचा तळ काळा पडला होता आणि भांड्याला तळापासून कडेपर्यंत चीर गेली होती. आजींचं भांडं होतं ते, त्याचं वाईट अजून वाटतं. पुडिंग टाकून द्यावं लागलं. शिवाय डिसेंबरातल्या बंद खिडक्यांच्या घरात आठ तास वाफ सोडली की काचांवरून पाणी ओघळतं आणि कोपऱ्यांत बुरशी धरते. इथे राहणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको.

स्लो कुकर हा आपल्या कुकरचा सख्खा नव्हे, सावत्र भाऊसुद्धा नाही. आपला कुकर वाफ कोंडून दाब वाढवतो आणि तापमान १२० अंशांपर्यंत नेतो. स्लो कुकरला शिट्टी नाही, रबर नाही, दाब नाही. जाड चिनी मातीचं भांडं, त्याच्या कडेनं फिरवलेली कमी शक्तीची तापणारी तार आणि वर काचेचं झाकण, एवढंच. साडेतीन लिटरचा कुकर साधारण २०० वॉट घेतो. म्हणजे आठ तास सतत चालला तरी वीज १.६ युनिट. वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन कडेनं खाली येते आणि झाकणाच्या खोबणीत पाण्याचीच एक कड धरते, त्यामुळे बाहेर फार थोडी वाफ जाते. पाणी भरायला उठावं लागत नाही. पुडिंगच्या दृष्टीनं हाच सगळ्यात मोठा फायदा.

या यंत्राचा जन्मही अशाच गरजेतून झाला. अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला त्याची आई लिथुआनियातल्या चोलंट नावाच्या पदार्थाबद्दल सांगायची. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी ज्यूंना चूल पेटवता येत नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कडधान्याचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी काढायचं. त्यावरून त्यानं कडेनं तापणारं भांडं केलं, १९४० मध्ये पेटंट मिळालं, आणि १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीनं ते क्रॉक-पॉट नावानं बाजारात आणलं. जवळ कोणी नसताना रात्रभर मंद उष्णता देणं हे याचं मूळ काम.

मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते, आणि ती मला चुकूनच कळली. दुसऱ्या वर्षी मी कुकरमध्ये नळाचं पाणी घातलं, बटण 'लो'वर ठेवलं आणि कामावर गेले. आठ तासांनी पुडिंगचा मध्य चिखलासारखा होता. २०० वॉटची तार जाड मातीचं भांडं, दीड लिटर थंड पाणी आणि सव्वा किलोचा गोळा तापवायला निघाली होती, तिचे निम्मे तास त्यातच गेले. हे नुसतं चवीचं नुकसान नाही. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू वेगानं वाढतात आणि यात कच्ची अंडी आहेत. तेवढा वेळ गोळा कोमट ठेवणं धोक्याचं. बहुतेक स्लो कुकरांत 'लो' आणि 'हाय'चं शेवटचं तापमान फारसं वेगळं नसतं, तिथवर पोचायला किती वेळ लागतो यात फरक असतो. म्हणून पुडिंगला पहिल्यापासून शेवटपर्यंत 'हाय', कुकर आधी वीस मिनिटं रिकामा तापवून घेतलेला, आणि पाणी केटलमधून थेट उकळतं.

मिश्रणाचं प्रमाण सव्वा लिटरच्या भांड्यासाठी सांगते. बेदाणे, काळे मनुके आणि करंट्स (अगदी बारीक काळे बेदाणे) मिळून ४०० ग्रॅम, साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली ३० ग्रॅम, तीन मोठे चमचे रम आणि एका संत्र्याचा रस, हे रात्रभर भिजवायचं. दारू नको असेल तर कडक कोरा चहा चालतो, पण मग पुडिंग महिनाभर टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. चार दिवसांत खावं नाहीतर फ्रीजरमध्ये टाकावं. दुसऱ्या दिवशी त्यात १०० ग्रॅम सूएट, १०० ग्रॅम शिळ्या ब्रेडचा ताजा चुरा, ७५ ग्रॅम मैदा, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, १५० ग्रॅम काळपट मस्कोव्हाडो साखर, एक चमचा काकवीसारखी काळी ट्रीकल, एक किसलेलं सफरचंद, ३० ग्रॅम बदामाचे काप, दोन अंडी, ७५ मिलिलिटर स्टाउट बिअर. मसाल्यात दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ, सगळं मिळून दीड चहाचा चमचा. मैद्यापेक्षा ब्रेडचा चुरा जास्त आहे याकडे लक्ष द्या. सगळाच मैदा घातला तर केक होतो, आणि दहा तास वाफवलेला केक रबरासारखा लागतो. कुस्करलेला ब्रेड एकदा भाजून झालेला असतो, तो रस शोषतो आणि चिवट होत नाही.

भांडं आणण्याआधी मोजून घ्या. रिकामं भांडं स्लो कुकरमध्ये ठेवून काचेचं झाकण पूर्ण बसतंय का ते बघायचं. केसभर जरी वर राहिलं तरी वाफ निघून जाईल आणि सगळा फायदा बुडेल. भांड्याला आतून लोणी लावायचं, तळाशी बटर पेपरची चकती टाकायची आणि मिश्रण भरताना वर दोन बोटं जागा सोडायची.

मग बांधणं. हे नीट जमलं की निम्मं काम झालं. बटर पेपरचा मोठा चौकोन घ्यायचा, त्याच्यावर तेवढाच फॉइलचा, आणि दोन्ही एकत्र धरून मधोमध एक निरी घालायची, साडीला घालतो तशीच, बोटभर रुंद. पुडिंग फुगतं तेव्हा ही निरी उलगडते. ती नसेल तर कागद ताणून फाटतो आणि वाफेचं पाणी आत झिरपतं. चौकोन भांड्यावर पालथा घालून कडेनं तळव्यांनी दाबत आणायचा. भांड्याच्या ओठाखाली जी खाच असते तिथे सुती दोरी दोनदा फिरवून गच्च गाठ मारायची. एकट्यानं गाठ सैल पडते, म्हणून कोणाचं तरी बोट मागून घ्यावं. उरलेली दोरी माथ्यावरून पलीकडे नेऊन दुसऱ्या बाजूला बांधली की कडी तयार होते. दहा तासांनी उकळत्या पाण्यातून हे जड भांडं उचलायचं आहे, तेव्हा ही कडीच कामाला येते. शेवटी जास्तीचा कागद कातरून टाकायचा. त्याचं टोक पाण्यात लोंबत राहिलं तर दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतं.

कुकरच्या तळाशी एक पालथी बशी ठेवून त्यावर भांडं ठेवा. केटलमधलं उकळतं पाणी कडेनं सोडा, भांड्याच्या निम्म्यापर्यंत किंवा थोडं वर, पण दोरीला लागता कामा नये. झाकण, 'हाय', आणि दहा तास. पातेल्यातल्या आठ तासांपेक्षा जास्त घ्यायचे कारण इथे पाणी खळखळत नाही, उकळीच्या जरा खालीच राहतं. झाकण उघडून बघायचा मोह आवरा. एकदा उघडलं की कोंडलेली वाफ जाते आणि या छोट्या तारेला ती भरून काढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मी रात्री नऊला लावते आणि सकाळी सातला उठून बंद करते. जिना उतरतानाच लवंग-संत्र्याचा वास लागतो, आणि काचांवर थेंब नसतो.

भारतात स्लो कुकर घराघरांत नाही. तिथे आपला प्रेशर कुकर वापरता येतो. भांडं तळातल्या जाळीवर ठेवायचं, दीड लिटर पाणी घालायचं, आणि पहिली वीस मिनिटं शिट्टी न लावता नुसती वाफ द्यायची. सुरुवातीलाच दाब पडला तर बेकिंग पावडर फुलण्याआधीच गोळा दबून बसतो. मग शिट्टी लावून अगदी मंद आचेवर दोन-अडीच तास. १२० अंशांमुळे रंग लवकर चढतो. पण शिट्ट्या होत राहिल्या तर पाणी संपतं, म्हणून स्वयंपाकघर सोडून जायचं नाही, आणि शंका आली तर गॅस बंद करून दाब पूर्ण उतरल्यावरच उघडून बघायचं.

पुडिंग गार झालं की ओला कागद काढून कोरडा नवा बांधा. काडीनं चार-पाच भोकं पाडून चमचाभर ब्रँडी आत सोडली की उत्तमच. थंड, अंधाऱ्या, कोरड्या जागी ते महिनाभर मुरतं. साखर आणि दारू मिळून आतलं पाणी धरून ठेवतात, जंतूंना ते मिळत नाही. मुरांबा टिकतो त्याच तत्त्वावर. इथल्या काही घरांत तर एका ख्रिसमसला दोन करतात आणि दुसरं पुढच्या वर्षी खातात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत मात्र मी ते बाहेर ठेवणार नाही, सरळ फ्रीजमध्ये ठेवेन.

नाताळच्या दिवशी पुन्हा वाफवायचं: तीच रीत, उकळतं पाणी, 'हाय', तीन ते चार तास. त्या दिवशी ओव्हन आणि चारही शेगड्या टर्कीला आणि बटाट्यांना लागतात, तेव्हा कोपऱ्यात निमूट बसलेला स्लो कुकर मोलाचा वाटतो. मायक्रोवेव्हमध्ये फॉइलसकट ठेवू नका, आणि इथल्या रीतीप्रमाणे आत शुभशकुनाचं नाणं लपवलं असेल तर मायक्रोवेव्हचा विचारच नको.

पेटवताना ब्रँडी आधी गरम करावी लागते, कारण जळतो तो द्रव नसतो, त्याची वाफ असते. ४० टक्के दारूच्या ब्रँडीला पेटण्याजोगी वाफ सुटायला सुमारे २६ अंश लागतात. इथलं स्वयंपाकघर डिसेंबरात अठराच्या पुढे जात नाही, म्हणून काडी ओढत राहिलं तरी थंड ब्रँडी पेटत नाही. पळीत दोन-तीन चमचे घेऊन कोमट करा, बाटली दूर ठेवा, दिवे मालवा, पळीतच पेटवा आणि पुडिंगवर ओता. बाटलीतून थेट कधीही ओतू नका. ज्योत निळी आणि इतकी फिकी असते की उजेडात दिसत नाही. अर्ध्या मिनिटात विझते. माथ्यावर खोचलेली हॉली या काटेरी पानांच्या झाडाची डहाळी शोभेची, तिची लाल फळं विषारी असतात, ती मुलांच्या ताटात जाऊ देऊ नका.

सोबत गरम कस्टर्ड किंवा ब्रँडी घातलेलं लोणी देतात. मला साधी घट्ट साय पुरते. एकेका माणसाला दोन बोटांचा कापच पुष्कळ होतो, त्यामुळे उरतंच. २६ तारखेला सकाळी त्याचे पातळ काप करून लोण्यावर तव्यात परता. कडेची साखर चरचरते, कडा कडक होतात आणि आतलं मऊ राहतं. शेजारच्या आजींना दरवर्षी हेच दोन काप जास्त लागतात.